जोड कोणाशी लावायची?

खानदेशातल्या यात्रेत ऊन कलायला लागले की दंगलीच्या मैदानाभोवतीचे माणसांचे कडे घट्ट होत जाते. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग दहा-वीस रुपयांच्या, मग शंभराच्या पुढच्या. तेवढ्यात एखादा अंगाने भरलेला गडी लंगोट कसून, दंडाला माती चोळून, एक हात वर धरून मैदानाला फेरी घालू लागतो. त्या वर धरलेल्या हाताचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. त्याला जोड हवी असते. समोरच्या कड्यातून दुसरा कोणी उठतो. पंच दोघांना शेजारी उभे करतात, खांद्याला खांदा लावून उंची बघतात, मानेवरून आणि दंडावरून हात फिरवतात, गाव कोणते, तालीम कोणती, वस्ताद कोण हे विचारतात. आणि बरेचदा मागून एखादे आबा ओरडतात, "जोड बराबरनी नही शे, भो!" पंच थांबतात. पुष्कळदा त्या म्हाताऱ्याचे ऐकलेही जाते.

कुस्ती कशी झाली, कोणी कोणता डाव मारला, कोण चितपट झाला, यावर लोक रात्रभर बोलतात. पण ती कुस्ती लागली कशी, या दोघांनाच एकमेकांपुढे का उभे केले, यावर फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते पैलवानाचे पुढचे आयुष्य निम्मे तिथेच ठरते. हलक्या वजनाच्या पोराचे थोडे कमी, जड वजनाच्या पैलवानाचे फार जास्त. जगाच्या दुसऱ्या टोकाला, हेवीवेट बॉक्सिंगमध्ये, याच एका प्रश्नावर शंभर वर्षांपासून लाखो डॉलरचा धंदा उभा आहे. चाळीसगावच्या दंगलीतले पंच आणि न्यूयॉर्कचा मॅचमेकर यांचे काम मुळात एकच आहे.

प्रतिस्पर्धी दोन वाटांनी समोर येतो. एक वाट स्पर्धेची. तिथे वजन होते, चिठ्ठ्या पडतात, आणि चिठ्ठीत जो येईल त्याच्याशी लढावे लागते. महाराष्ट्र केसरी, राष्ट्रीय स्पर्धा, ऑलिंपिक ही सगळी त्या वाटेवरची गावे. दुसरी वाट नेमलेल्या कुस्तीची. तिथे आयोजक, वस्ताद आणि पैलवान मिळून ठरवतात की कोणाशी, कधी, किती इनामावर लढायचे. आपल्या दंगली या वाटेवर आहेत आणि व्यावसायिक बॉक्सिंग तर जवळजवळ पूर्णपणे याच वाटेने चालते. तिथे क्रिकेटसारखी साखळी नाही, बाद फेऱ्या नाहीत. एक मॅनेजर, एक प्रमोटर आणि जोड जुळवून देणारा एक माणूस बसतात आणि नव्या मुलाच्या पुढच्या पाच-दहा लढती कागदावर मांडतात. त्या कागदावर चूक झाली, तर हातात कितीही ताकद असून उपयोग होत नाही.

हे जड वजनालाच इतके का लागू पडते, ते आकड्यांत पाहू. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीचे वजनगट ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ किलो असे आहेत. खालच्या गटांत दोन पायऱ्यांमधले अंतर चार-पाच किलोंचे. वर मात्र ९७ नंतर एकदम १२५. म्हणजे शंभर किलोचा मुलगा सव्वाशे किलोच्या माणसापुढे उभा राहू शकतो आणि नियम त्याला न्याय्यच म्हणतो. महाराष्ट्र केसरीच्या किताबाचा गट तर ८६ ते १२५ किलोंचा. बॉक्सिंगमध्ये २०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९०.७ किलोंच्या वर गेलात की तुम्ही हेवीवेट, आणि तिथून वर मर्यादाच नाही. वजनातला हा फरक हलक्या गटात कधी भरून काढावा लागत नाही. जड गटात तो दर लढतीला भरून काढावा लागतो, कधी चपळाईने, कधी दमाने, कधी डोक्याने.

दुसरी गोष्ट संख्येची. साठ-पासष्ट किलोचा पोरगा कुठल्याही तालुक्याच्या तालमीत गेला तर त्याला झोंबायला दहा जण मिळतात. शंभर किलोच्या पोराला एक मिळाला तरी नशीब. घरचे दूध-तूप, हाडापेराची ठेवण आणि मेहनत या तीन गोष्टी एका अंगावर जमणे दुर्मीळच. मग तो मोठा पोरगा काय करतो? तालमीतल्या सगळ्यांना रोज पाडतो. गावात त्याचे नाव होते, यात्रेत फेटा मिळतो, फटाके वाजतात. आणि त्याच दिवसांत त्याचे शिकणे थांबलेले असते, कारण आपल्यापेक्षा तीस किलोने हलक्या माणसाला उचलून आपटायला डाव लागत नाही. वजन पुरते. जिथे वजन पुरत नाही तिथे तो पहिल्यांदा पोचतो तेव्हा विशी ओलांडलेली असते, आणि हात आपोआप जिथे जायला हवेत तिथे जात नाहीत.

चांगला वस्ताद हे ओळखून असतो. तालमीत जोड देताना तो रोज एकच जोड देत नाही. हलक्या पण चपळ पोराशी लढवले की जड पैलवानाचे पाय हलायला लागतात, पटात शिरणाऱ्याला अडवण्याची सवय लागते, नवा डाव भीती न बाळगता करून बघता येतो. बरोबरीच्या गड्याशी लढला की दम कळतो. दहाव्या मिनिटाला, मान भरून आल्यावर, आपण काय करतो ते त्याला स्वतःलाच पहिल्यांदा दिसते. आणि वरचढ माणसाशी लढला की नजर तयार होते. हरायचेच आहे हे माहीत असल्यामुळे तो समोरच्याचे बघतो. या तिन्हींचे प्रमाण कसे ठेवायचे याचे पुस्तक नाही. मुलगा रात्री जेवला का, दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःहून उठला का, यावरून वस्ताद प्रमाण बदलतो. सलग हरवले तर पोरगा तालीम सोडतो, सलग जिंकवले तर तालमीत राहूनही वाया जातो.

बुद्धिबळवाल्यांनी हीच गोष्ट गणितात बसवली. आर्पाद एलो नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाने खेळाडूंना गुण देण्याची पद्धत काढली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. त्या हिशोबात दोघांमध्ये ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून दहा डावांत साधारण नऊ गुणांची अपेक्षा धरतात. तो जिंकला तर त्याच्या खात्यात जवळजवळ काहीच जमा होत नाही, कारण त्या विजयाने नवे काही कळलेले नसते. हरला तर मात्र खाते चांगलेच खाली येते. बरोबरीच्या लढतीचा निकाल सगळ्यात जास्त सांगून जातो. आपल्या कुस्तीत असे गुण नाहीत. तिथे ते काम कड्यात बसलेल्या, कान मोडलेल्या जुन्या पैलवानांचे डोळे करतात. म्हणून त्या आबांचे ओरडणे मला मोलाचे वाटते.

बॉक्सिंगमध्ये ही कला किती बारकाईने वापरली जाते, ते माइक टायसनच्या सुरुवातीच्या दोन वर्षांत दिसते. ६ मार्च १९८५ ला तो पहिली व्यावसायिक लढत लढला. त्या एका वर्षात पंधरा लढती, पंधराही नॉकआउट. बहुतेक प्रतिस्पर्धी असे की त्यांच्याकडून टायसनची हार अपेक्षितच नव्हती. टीका करणारे तेव्हाही म्हणत होते की हा तर कच्च्या जोडींवर मोठा होतोय. पण त्या लढतींचा उपयोग वेगळा होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दर दोन-तीन आठवड्यांनी रिंगमध्ये चढायची, दिव्यांची, गर्दीची, समोर येणाऱ्या वेगवेगळ्या बांध्याच्या माणसांची सवय होत होती. मग मे १९८६ मध्ये त्याच्यापुढे जेम्स टिलिस आणला गेला. टिलिस पूर्वी विश्वविजेतेपदासाठी लढून हरलेला, पायांनी हलता, अनुभवी. टायसनला त्याला नॉकआउट करता आले नाही. लढत पूर्ण दहा फेऱ्या चालली. त्याच महिन्यात मिच ग्रीन आला, तोही दहा फेऱ्या टिकला. दोन्ही लढती टायसनने गुणांवर जिंकल्या. त्या आधीच्या एकोणीस नॉकआउटनी त्याला जे शिकवले नव्हते ते या दोन लढतींनी शिकवले, की ठोसा लागूनही समोरचा उभा राहिला तर पुढे काय करायचे. सहा महिन्यांनी, २२ नोव्हेंबर १९८६ ला, त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवले आणि वीस वर्षांचा तो मुलगा जगातला सगळ्यात तरुण हेवीवेट विजेता झाला.

ही मांडणी ज्याच्या शाळेतली होती तो वस्ताद, कस डामाटो, तो दिवस बघायला नव्हता. नोव्हेंबर १९८५ मध्येच तो गेला. आणि याच डामाटोच्या आयुष्यात जोड चुकवण्याचीही एक मोठी गोष्ट आहे. त्याचा आधीचा शिष्य फ्लॉइड पॅटरसन १९५६ मध्ये एकविसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. विजेता झाल्यावर डामाटोने त्याला फार जपले. १९५७ मध्ये तर पॅटरसनपुढे पीट रॅडमाकर उभा केला गेला. तो ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता होता, पण त्याची ती पहिलीच व्यावसायिक लढत. दुसऱ्या फेरीत त्याने विजेत्यालाच खाली पाडले. पॅटरसन सहाव्या फेरीत जिंकला खरा, पण बघणाऱ्यांना जे दिसायचे ते दिसले. त्या काळात सनी लिस्टन नावाचा प्रचंड ताकदीचा माणूस दार ठोठावत होता. लिस्टनच्या पाठीराख्यांचे गुन्हेगारी जगाशी संबंध होते, हे डामाटोने त्याला दूर ठेवण्यामागचे एक खरे कारण. पण लोक म्हणू लागले की विजेता पळतोय. शेवटी पॅटरसनने वस्तादाचा सल्ला डावलून लढत घेतली. २५ सप्टेंबर १९६२ ला शिकागोत पहिल्याच फेरीत, २ मिनिटे ६ सेकंदांत, लढत संपली. पुढच्या वर्षी परत सामना झाला, तो २ मिनिटे १० सेकंद चालला. पॅटरसन भित्रा नव्हता. १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहानसनकडून सात वेळा खाली पडून हरला आणि वर्षभरात त्यालाच हरवून किताब परत घेतला, असे करणारा तो पहिला हेवीवेट. पण लिस्टनच्या ताकदीचा माणूस त्याला त्या दिवसापर्यंत कोणी दाखवलाच नव्हता.

इटलीचा प्रिमो कार्नेरा ही तर याहून दुःखाची कथा. सहा फुटांच्या बरीच वर उंची, डोंगरासारखा देह. १९३० पासून अमेरिकेत त्याला गावोगाव फिरवले, आणि त्याच्या पुष्कळ लढती आतून ठरवलेल्या होत्या असे मानले जाते. आपण ज्याला नुरा कुस्ती म्हणतो तेच. १९३३ मध्ये तो विश्वविजेता झाला. १९३४ च्या जूनमध्ये मॅक्स बेअरपुढे उभा राहिला आणि अकरा वेळा खाली पडला. दर वेळी तो उठत होता, एवढे धैर्य त्याच्यात होते. त्याला जिंकवणाऱ्यांनी पैसे कमावले, आणि मार त्याने एकट्याने खाल्ला.

मला सगळ्यात जास्त आवडते ती लॅरी होम्सची गोष्ट, कारण ती आपल्या तालमीतली वाटते. होम्स अनेक वर्षे मुहम्मद अलीचा सरावातला जोडीदार होता. जगाला त्याचे नाव माहीत नव्हते तेव्हा तो रोज जगातल्या सर्वोत्तम माणसाचे ठोसे अंगावर घेत होता, त्याचे पाय वाचत होता. त्या रोजच्या झोंबीतून त्याचा स्वतःचा डावा हात असा तयार झाला की पुढे तो सात वर्षे विजेता राहिला. २ ऑक्टोबर १९८० ला लास वेगासमध्ये त्याने अलीलाच हरवले; दहाव्या फेरीनंतर अलीच्या कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. होम्स त्या रात्री रडला होता. वरचढ जोडीशी रोज हरत राहणे म्हणजे अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी होम्सकडे बघावे.

आणि कधी कधी तोडीची जोडच मिळत नाही. गामा पैलवान १९१० मध्ये लंडनला गेला तेव्हा त्याने दिलेल्या आव्हानाला त्या काळचे मोठमोठे मल्ल पुढे आले नाहीत. १० सप्टेंबरला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को आला आणि पालथा पडून, जमिनीला चिकटून, अडीच तासांहून जास्त वेळ नुसता बचाव करत राहिला. निकाल लागला नाही. आठवड्याने परत सामना ठरला, तर झिबिस्को फिरकलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळात दोघे पुन्हा भेटले आणि गामाने एका मिनिटाच्या आत कुस्ती निकाली केली. मधली अठरा वर्षे, म्हणजे पैलवानाचे सगळे उमेदीचे आयुष्य, युरोपातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या मल्लाशी गामाची खरी परीक्षा झाली नाही. तो किती मोठा होता याचे पूर्ण माप जगाला कधी मिळालेच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आता आपल्या मातीकडे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये औरंगाबादला महाराष्ट्र केसरी किताबाची सुरुवात केली. पहिला मान दिनकर दह्यारी यांचा. दुसऱ्याच वर्षी, १९६२ ला, स्पर्धा धुळ्याला आली आणि भगवान मोरे महाराष्ट्र केसरी झाले. १९६६ ला ती जळगावात झाली. तिथे कोल्हापूरच्या तालमीत घडलेले दीनानाथसिंह जिंकले. १९७७ ला चाळीसगावात झाली. त्या वर्षीच्या विजेत्याच्या रकान्यात नाव नाही, 'अनिर्णित' एवढाच शब्द आहे. म्हणजे पहिल्या सतरा वर्षांत खानदेशाने तीन वेळा मैदान दिले, माणसे जमवली, बघायला बैलगाड्या भरून लोक आले, पण किताब बहुधा कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुण्याकडे जात राहिला.

आमच्याकडे ताकद कमी होती म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. गिरणा-तापीच्या काठची ज्वारी-बाजरीची भाकरी आणि म्हशीचे दूध कोणाला कमी पडले नाही. कमी पडली ती जोड. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून तालमींची दाट वस्ती झाली, १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले, देशभरातले मल्ल तिथे येऊन राहू लागले. तिथल्या शंभर किलोच्या पोराला पेठ ओलांडली की शंभर किलोचा दुसरा पोरगा सापडत होता. आमच्याकडच्या पोराला तसा गडी शोधायला दोन तालुके ओलांडावे लागत. आणि तो सापडायचा तो थेट यात्रेत, वर्षातून एकदा, इनामाच्या कुस्तीत, जिथे शिकण्यापेक्षा न हरण्याकडे लक्ष असते.

म्हणूनच विजय चौधरी यांची वाटचाल मला नीट बघण्यासारखी वाटते. चाळीसगाव तालुक्यातले सायगाव हे त्यांचे गाव. तिथून ते पुण्याला गेले, आणि माझ्या मते गाव सोडण्याचा तो निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा डाव होता. पुण्यात राज्यभरातले जड वजनाचे मल्ल एकत्र सराव करतात. गावातला पहिला नंबर सोडून तालमीतल्या दहाव्या नंबरावर उभे राहायला मन घट्ट लागते. २०१४ च्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी अंतिम लढतीत सचिन येलभर यांना हरवले. २०१५ च्या किताबासाठी नागपूरला विक्रांत जाधव यांना, आणि २०१६ ला पुण्यातल्या वारजे इथे अभिजित कटके यांना. सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी होणारे त्यांच्याआधी फक्त नरसिंग यादव होते.

इथे महाराष्ट्र केसरीच्या रचनेचा एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. मातीत पाय रुततो, कुस्ती सावकाश चालते, दमाचा आणि पकडीचा कस लागतो. गादीवर पाय झटपट हलतो आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मिळवावे लागतात. म्हणजे किताबाच्या लढतीत समोर येणारा माणूस मुळातच दुसऱ्या सवयीचा असतो. ज्याने वर्षभर फक्त आपल्या सोयीच्या जमिनीवर, आपल्या सोयीच्या जोडींशी कुस्त्या केल्या, त्याची तिथे पंचाईत होते. तीन वर्षे, तीन वेगळे अंतिम प्रतिस्पर्धी, तीन वेगळी शहरे, आणि चिठ्ठी कोणाची निघेल ते आपल्या हातात नाही. सोयीची जोड निवडून हे साधत नाही.

आणि हरलेल्याचेही बघा. २०१६ ला वारज्यात विजय चौधरींकडून हरलेले अभिजित कटके पुढच्याच वर्षी, २०१७ ला, भूगावच्या मैदानात महाराष्ट्र केसरी झाले. वयाने ते लहान होते. अनुभवी, दोनदा किताब जिंकलेल्या माणसाशी अंतिम लढत खेळून हरणे हीच बहुधा त्यांची सगळ्यात मोठी शिकवणी ठरली असेल. विशीतल्या पैलवानाला मिळालेली अशी हार कित्येक यात्रांमधल्या इनामांपेक्षा मोलाची, असे मी मानतो.

विजय चौधरी पुढे पोलिस दलात थेट उपअधीक्षक झाले. नोकरी, जबाबदारी, वाढते वय, यातूनही त्यांनी अंग सोडले नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला झालेल्या जागतिक पोलिस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटात त्यांनी अमेरिकेच्या जेसी साहोताला हरवून सुवर्णपदक आणले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जामनेरला मोठी दंगल झाली तेव्हा तर परदेशी मल्लच जळगाव जिल्ह्याच्या मातीत उतरले. आमच्याकडच्या पोरांनी ते मल्ल हातभर अंतरावरून पाहिले, त्यांची पकड, त्यांचे उभे राहणे पाहिले. एका दिवसाच्या दंगलीने पैलवान होत नाही, पण जोड किती लांबची असू शकते हे त्या दिवशी हजारो पोरांना कळले असेल.

दंगलींबद्दल मात्र एक गोष्ट मनाला लागते. जड पैलवानाचा खुराक मोठा. रोजचे चार-पाच लिटर दूध, बदाम, तूप, फळे, तालमीचा खर्च, मालिशवाला, गाडीभाडे. शेतकऱ्याच्या घरात हे सगळे उभे करायचे तर दंगलीच्या इनामावाचून गत नसते. हंगामात पैलवान एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत धावतो. अशा वेळी तो आपल्याला पडेल अशी जोड मागणारच. गुडघा दुखत असतो, उद्या दुसऱ्या गावी कुस्ती असते, घरी बापाने कर्ज काढलेले असते. आयोजकालाही आपल्या भागाचा नावाजलेला गडी हरलेला नको असतो. मग दोन्ही बाजूंनी अशी जोड ठरते की कुस्ती दिसायला मोठी, पण निकाल आधीच सगळ्यांना माहीत. यात पैलवानाला दोष द्यायला माझे मन धजत नाही. त्याच्या खुराकाची सोय दुसरीकडून झाली, तर तो कठीण जोड घ्यायला स्वतःच पुढे येईल. बॉक्सिंगमध्ये टायसनच्या मागे भांडवल होते म्हणून त्याला टिलिस आणि ग्रीन योग्य वेळी दाखवता आले. आमच्या पोराच्या मागे बहुतेकदा एक म्हैस आणि दोन एकर कापूस असतो.

काही गोष्टींना तर पैसाही फार लागत नाही. दंगलीच्या मैदानावर एक वजनकाटा ठेवता येतो. डोळ्यांना बरोबरीची दिसणारी जोड पुष्कळदा आठ-दहा किलोंनी वेगळी निघते, आणि वाढत्या वयाच्या पोराच्या मानेला ते आठ-दहा किलो महागात पडू शकतात. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, जळगाव ही गावे एकमेकांपासून एसटीने जाऊन-येऊन करण्याच्या अंतरावर आहेत. या गावांच्या तालमींनी महिन्यातून दोन रविवार आपले जड वजनाचे मुलगे एका ठिकाणी आणले, इनाम न लावता, बघे न बोलावता, फक्त लढतीसाठी, तर शंभर किलोच्या पोराला गाव सोडायच्या आधीच तीन-चार खऱ्या जोडी मिळतील. मातीवर एक रविवार, गादीवर एक रविवार. वस्ताद मंडळींना हे माझ्यापेक्षा जास्त चांगले कळते. जुन्या तालमींमध्ये मानापानाच्या भिंती असतात, आपला पोरगा दुसऱ्याच्या आखाड्यात हरलेला दिसू नये असे वाटते. पण पोरगा त्या भिंतीच्या आत एकटाच घुमतो.

यात्रेतल्या त्या मैदानावर शेवटी काय झाले ते सांगायचे राहिले. हात वर करून फिरणाऱ्या पोराला समोर जो उठला तो चांगला तिशीचा, मुरलेला, मानेचा दगड झालेला. पोरगा उत्साहात होता, हात मिळवायला पुढे झाला होता, कड्यातून शिट्ट्या पडत होत्या, कोणी तरी इनाम पाचशेने वाढवले होते. तेवढ्यात त्याचे वस्ताद धोतराचा सोगा सावरत मैदानात आले, त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या मुरलेल्या पैलवानाला नमस्कार करून म्हणाले, "औंदा नही, भाऊ. पुढला साल." मग पंचांकडे वळून त्यांनी त्याच वयाचा, त्याच अंगाचा, शिरपूरकडून आलेला दुसरा पोरगा बोटाने दाखवला. दोघांनी माती उचलून एकमेकांच्या हातावर टाकली. कुस्ती सुरू झाली तेव्हा कडे एकदम शांत झाले होते, कारण कोण जिंकेल ते कोणालाच सांगता येत नव्हते.